दिवाळीची पोस्त

दिवाळीच्या तोंडावर धुणीभांडी करणाऱ्या बाई, इमारतीचे पहारेकरी, सफाई कामगार, पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला यांना नेहमीच्या मोबदल्याखेरीज जी रक्कम दिली जाते, तिला मराठीत पोस्त असा जुना शब्द आहे. तो दिवाळीइतकाच शिमग्यालाही जोडलेला असून कोकणात शिमग्याची पोस्त आजही मागितली जाते. बोलण्यात पोस्त, बक्षिसी, ओवाळणी आणि बोनस हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. अर्थ मात्र वेगळे आहेत. बक्षिसी एका वेळच्या कामावर खूश होऊन दिली जाते. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत मागे ठेवलेली नोट ही बक्षिसी. देणारा आणि घेणारा पुन्हा भेटतीलच असे नाही. ओवाळणी नात्यातली. बोनसला कायद्याचा आधार. पोस्त वर्षभराच्या कामाशी बांधलेली असते, पण ती उभी असते निव्वळ रिवाजावर. रिवाजाची पावती मिळत नाही, आणि तो मोडला तर दाद मागायला जागा नसते.

या रिवाजाची मुळे गावगाड्यात आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार अशा बलुतेदारांना वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे आणि सणावारी मिळणारे धान्य, नारळ, कापड, जेवण हा त्याच मोबदल्याचा भाग असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात बलुत्याच्या या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरे, तेव्हा रोकड, धान्य, कपडे आणि वहाणा हे सारे एकाच बोलीत ठरत असे. पूर्व विदर्भात बलिप्रतिपदेला गायगोधनाच्या दिवशी गावाची गुरे वर्षभर राखणाऱ्या गुराख्यांना घरोघर धान्य-पैसे दिले जातात. यात उपकाराचा भाग नव्हता. ते घेणाऱ्याचे येणे होते आणि ‘हक्क’ याच शब्दाने ओळखले जाई.

तो हक्क जातीने बांधलेला होता, हे मात्र विसरता येत नाही. महारांच्या वाट्याला सणाची उरलीसुरली भाकरी आणि शिळे अन्न येई, आणि तेही हक्काच्याच नावाने. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे-शिळे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. 1958 च्या कायद्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातली कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. कायदा झाला तरी हात वळायचे तसेच वळत राहिले. फराळाच्या डब्याच्या तळाचा चुरा पिशवीत भरून देणे, विरलेली चादर किंवा मुलांचे तोकडे झालेले कपडे दिवाळीचे म्हणून पुढे करणे, हे आजच्या सदनिकांतही चालते. देणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. घेणारी बाई ते घरी नेऊन मुलांपुढे ठेवते, तेव्हा मुलांना सगळे कळते.

सणाच्या देण्याला हिशेबाची भाषा मिळाली ती मुंबईच्या गिरणगावात. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांना अमाप नफा झाला आणि मालकांनी काही वर्षे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. 1923 साली तो बंद करण्यात आला. जानेवारी 1924 मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्वाळा दिला, की रिवाज, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. दोन महिने उपाशीपोटी लढलेल्या माणसांना रिकाम्या हाताने कामावर परतावे लागले. ओळीने काही वर्षे दिलेली रक्कमही मालकाच्या मर्जीचीच, असा त्या निर्वाळ्याचा अर्थ होता. तो अन्यायाचा होता, आणि तो पुसला जायला चार दशके जावी लागली.

1950 साली श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या वादात नफ्यातला कामगारांचा वाटा काढण्याचे सूत्र घालून दिले. 1961 मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि 1965 मध्ये बोनस कायदा आला. त्यात किमान बोनस 4 टक्के होता. 1972 मध्ये तो 8.33 टक्के झाला. हा आकडा विचित्र दिसतो, पण शंभराला बाराने भागले की तोच येतो. वर्षाच्या पगारातला एक महिना, इतका त्याचा सरळ अर्थ. आणीबाणीत, 1975 साली, ही हमी काढून घेतली गेली आणि 1977 मध्ये परत मिळाली. कमाल मर्यादा 20 टक्के. कारखाना तोट्यात असला तरी किमान बोनस चुकत नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर धरली तर नोव्हेंबर संपेपर्यंत, तो द्यावा लागतो आणि दिवाळी नेमकी याच मुदतीत येते. 2019 च्या वेतन संहितेनेही हे सूत्र कायम ठेवले आहे.

कायद्याची ही सावली वीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांपर्यंत पोहोचते. तिच्या बाहेर शब्दांची एक उतरंड लागते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने 2025 च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांना 31,000 रुपये दिले, ते ‘सानुग्रह अनुदान’ या नावाने. त्याच वेळी आरोग्य सेविकांना 14,000 आणि बालवाडी-अंगणवाडीच्या शिक्षिका व मदतनिसांना 5,000 रुपये मिळाले. त्यांच्यासाठी शब्द होता ‘भाऊबीज भेट’. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनाही सरकारकडून मिळते ती भाऊबीज भेटच. बायकांच्या कामाला पगाराऐवजी मानधन म्हटले की त्यांच्या बोनसची ओवाळणी होते आणि सरकार भाऊ होते. भावाने किती घालावे, हे बहिणीने विचारायचे नसते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारा सण अग्रिम ही तर उचल आहे. ती पगारातून हप्त्याहप्त्याने परत जाते.

या उतरंडीत सगळ्यांत खाली घरकामगार आहेत. घर हे कायद्याच्या लेखी आस्थापना नाही, त्यामुळे बोनसचा कायदा उंबऱ्याशीच थांबतो. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि भरपगारी रजेबरोबर दिवाळीला एका महिन्याचा पगार, ही मागणी घरकामगारांच्या संघटना तेव्हापासून लावून धरत आल्या आहेत. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या मंडळाच्या योजना नोंदणीवर चालतात. दिवाळीत मालकिणीने काय द्यावे, हे त्या कायद्यात कुठे नाही. जे मिळते ते बायकांनी घरोघरी मागून रुजवलेल्या रिवाजाने. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत त्याला ‘डबल पगार’ म्हणतात आणि कोणत्या घरी डबल मिळतो, कोणत्या घरी नुसती साडी, याची बित्तंबातमी नळावर पोहोचलेली असते.

एक महिन्याचा पगार हे माप योग्य आहे, कारण ते 8.33 टक्क्यांशी तंतोतंत जुळते. जी वागणूक कारखान्यातल्या माणसाला कायद्याने मिळते, तीच घरातल्या माणसाला रिवाजाने मिळावी, यात जास्तीचे काही मागितलेले नाही. बाई सहा महिन्यांपूर्वी कामाला लागल्या असतील तर अर्धा पगार, हा हिशेबही सरळ आहे. अडचण येते ती देण्याच्या रीतीत. वर्षभराचे खाडे आठवून त्यातून पैसे कापले जातात. घेतलेली उचल याच रकमेतून वळती केली जाते. पैशाऐवजी साडी दिली जाते, जी बाईंनी निवडलेली नसते आणि बहुधा कोणाला तरी भेट आलेली असते. साडी, मिठाई, पणत्या या भेटी आहेत. त्या प्रेमाने दिल्या तर प्रेमाने घेतल्याही जातात, पण पगाराच्या जागी त्या चालत नाहीत. मुलांच्या शिकवणीची फी मिठाईच्या डब्याने भरता येत नाही.

वेळ हाही रकमेचाच भाग आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातावर ठेवलेल्या पैशांचा दिवाळीला उपयोग होत नाही. किराणा, तेल, मुलांचे कपडे त्याआधी घ्यावे लागतात. वसुबारसेच्या आधी दिलेली पोस्त कामी येते. नंतर दिलेली पोस्त आदल्या आठवड्यात काढलेले कर्ज फेडण्यात जाते.

गृहनिर्माण संस्थांत पोस्त सामुदायिक होते. दर सदनिकेमागे वर्गणी निघते, सूचना फलकावर यादी लागते आणि जमलेली रक्कम पहारेकरी, सफाई कामगार, माळी, पंप चालवणारा यांच्यात वाटली जाते. ही पद्धत बरी, कारण तीत कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. तिच्यातही दोष शिरतात. रोज नमस्कार करणाऱ्या पहारेकऱ्याला जास्त मिळते आणि मागच्या जिन्याने येऊन ओला कचरा उचलणाऱ्या बाईंना कमी, कारण त्या कोणाला दिसतच नाहीत. माणसे ठेकेदारामार्फत येत असतील तर ‘त्यांचा बोनस ठेकेदार देईल’ म्हणून संस्था हात झटकते आणि ठेकेदार दिवाळीच्या आधी माणसे बदलतो. अकरा महिने रात्रपाळी केलेला माणूस अशा वेळी यादीतून गळतो. त्याचे नाव यादीत ठेवायला कोणताही नियम आडवा येत नाही. संस्थेच्या सचिवाने एक फोन करावा लागतो, इतकेच. मोबाइलवरून मागवलेले सामान आणणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक अवघड आहे. रोज वेगळा चेहरा येतो, त्यामुळे वर्षाचे नाते जुळत नाही आणि पोस्तीच्या जागी पडद्यावरची बक्षिसी तेवढी उरते. पोस्त द्यायला माणूस ओळखीचा असावा लागतो, आणि नव्या व्यवस्थेने नेमकी ओळखच काढून घेतली आहे.

सरकारी नोकराला दिलेली पोस्त मात्र वेगळी मोजावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याच्या भेटी स्वीकारण्यावर निर्बंध आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी, त्यात टपाल खातेही आले, 1964 पासून तसेच नियम आहेत. उन्हापावसात पत्रे आणणाऱ्या पोस्टमनच्या हाती फराळाची पुडी ठेवण्यात कोणाला गैर वाटणार नाही. पण दिवाळीत सुक्या मेव्याचे जड डबे आणि चांदीची नाणी जातात ती वरच्या दिशेने, ज्यांच्या सहीवर काम अडलेले असते त्यांच्याकडे. त्या डब्यांवर सढळ हाताने खर्च करणारे पुष्कळ लोक घरच्या बाईंच्या पोस्तीत शंभर रुपये वाचवू पाहतात.

पोस्तीचा हा हिशेब दिवाळी अंकांनाही चुकत नाही. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा घातली. प्रत्येक अंकामागे लेखक-चित्रकारांखेरीज छपाई यंत्रावर रात्री काढणारे, फॉर्मच्या घड्या घालणारे, पिना मारणारे, गठ्ठे बांधून स्टँडवर पोहोचवणारे हात असतात. बांधणीचे काम बहुधा नगावर चालते आणि नगावर काम करणाऱ्या हाताला बोनस क्वचितच मिळतो. त्या हातांचा हिशेब अंक काढणाऱ्यांनी करायचा आहे. घराघरांतला हिशेब वाचकांच्या हाती आहे. वसुबारसेला अजून थोडे दिवस आहेत. कामाच्या बाईंची पोस्त, पुऱ्या महिन्याची, रोख आणि न कापता, याच आठवड्यात त्यांच्या हाती द्यावी, अशी वाचकांना विनंती.