गेवराईला मायक्रोफोन कधी मिळाला? (थ्रेड)

१/ ‘अंगी गुण असेल तर माणूस कुठूनही वर येतो.’ मराठी रेडिओ आणि संगीतसृष्टीवरील बहुतेक लेख, व्याख्याने आणि स्मरणिका याच वाक्यावर येऊन विसावतात. आकाशवाणीच्या सुवर्णकाळाची कथा तर या वाक्याशिवाय पुरी होत नाही. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. का टिकत नाही, हे बीड जिल्ह्यातील गेवराईतून पाहिले की स्पष्ट दिसते.

२/ गोदाकाठचा हा तालुका इतिहासप्रेमींना ठाऊक असतो तो राक्षसभुवनामुळे. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा येथे पराभव केला. विसाव्या शतकात मात्र हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. येथील रेडिओचा इतिहास समजायला राक्षसभुवनापेक्षा ही दुसरी तारीख अधिक उपयोगी आहे.

३/ मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण ते ब्रिटिश हिंदुस्थानचे. हैदराबाद संस्थानाचा रेडिओ स्वतंत्र होता. त्याची केंद्रे हैदराबाद आणि औरंगाबाद येथे, आणि प्रमुख भाषा उर्दू. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात संस्थानांच्या मालकीची पाच केंद्रे होती : म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे मराठवाड्यात नभोवाणी केंद्र होते, तेही पुण्याच्या आधी.

४/ पुढे काय झाले? १९५० मध्ये औरंगाबाद केंद्र आकाशवाणीकडे आले आणि त्याच दशकात बंद पडले. नागपूरला १९४८ मध्ये केंद्र मिळाले होते. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मराठवाड्याला पुन्हा स्वतःचे केंद्र मिळण्यासाठी परभणीची, म्हणजे साठच्या दशकाच्या उत्तरार्धाची वाट पाहावी लागली.

५/ आता या तारखांशेजारी ‘सुवर्णकाळ’ ठेवावा. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले. गीते ५६. त्याच्या श्रेष्ठतेविषयी वाद नाही. पण ज्या वर्षांना मराठी रेडिओ आपले सोन्याचे दिवस म्हणतो, नेमकी तीच वर्षे मराठवाड्याच्या केंद्रशून्यतेची होती. सुवर्णकाळाच्या एकाही गौरवग्रंथाला हे अध्याहृत ठेवण्याचा अधिकार नाही.

६/ ‘पण रेडिओ ऐकू तर येत होता ना?’ येत होता. मात्र ऐकू येणे वेगळे आणि बोलता येणे वेगळे. नभोवाणी केंद्र म्हणजे नुसता मनोरा नव्हे, ते कामाचे ठिकाण असते. निवेदक, वादक, गायक, श्रुतिकालेखक, ध्वनिमुद्रक अशा कितीतरी जणांना तेथे रोजगार मिळतो. कराराने, मानधनाने किंवा नैमित्तिक पाळ्यांनी का होईना, पण मिळतो.

७/ आणि एका कामातून दुसरे काम निघते. स्वरचाचणी उत्तीर्ण झालेल्या गायकाच्या नावापुढे ‘आकाशवाणी कलाकार’ ही बिरुदावली लागते. ती गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापली जाते. तिच्या बळावर शिकवण्या मिळतात, संगीतकाराशी ओळख होते, ध्वनिमुद्रिकेचे दार किलकिले होते. कारकीर्द अशीच उभी राहते. गेवराईच्या गायकाला यातील पहिल्या पायरीसाठी दोनशे किलोमीटरहून दूरचे पुणे गाठावे लागे.

८/ भूगोलाचा हा अडथळा ओलांडला, तरी दुसरा उभा होता : काय गायचे आणि कशावर गायचे. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी मानाचे स्थान दिले, हे खरे. पण त्यासाठी त्यांनी चाचणी मंडळांची आणि श्रेणींची उतरंड उभारली, आणि गायकांना रागशास्त्रावर तोंडी प्रश्न विचारले जाऊ लागले. ऐकून-ऐकून शिकलेल्या कलावंतांचा त्यावरचा संताप त्या काळी जाहीरपणे व्यक्त झाला होता.

९/ हार्मोनियमचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. सुरांची विभागणी पाश्चात्त्य, मींड निघत नाही, हे कारण. बंदी सैल होण्यास १९७१ उजाडले. आता मराठवाड्यातील कोणत्याही गावचे भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणावे : टाळ, पखवाज आणि पेटी. ज्या वाद्यावर गावाचा गळा तयार झाला, तेच वाद्य तीन दशके सरकारी स्टुडिओच्या उंबऱ्याबाहेर होते.

१०/ तिसरी चाळणी नैतिकतेची. ज्यांचे खासगी जीवन ‘सार्वजनिक बदनामीचा विषय’ आहे अशांना कार्यक्रम देऊ नयेत, असा आदेश १९४६ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्याकडे हे खाते असताना निघाला. त्याचा फटका पिढीजात गाणाऱ्या स्त्रियांना बसला. आवाज ऐकण्याआधी घर विचारणारी ही परीक्षा होती. तिला ‘निव्वळ गुणवत्ता’ म्हणता येत नाही.

११/ पुढे पैसा आला, तोही ठरलेल्या वाटेने. चित्रपटगीतांबाबतच्या केसकरांच्या धोरणामुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून. आरंभ झाला मुंबई, पुणे आणि नागपूर येथून. व्यापारी रेडिओचा नकाशा पहिल्यांदा काढला गेला, तेव्हाही मराठवाडा त्यात नव्हता.

१२/ येथे हमखास आक्षेप येतो : ‘मग शाहीर अमर शेख? शाहीर साबळे? विठ्ठल उमप?’ ही तिन्ही नावे वंदनीय आहेत. पण अमर शेख बार्शीचे आणि साबळे वाईजवळच्या पसरणीचे. दोघांनाही कीर्ती मिळाली ती मुंबईत आल्यावर. विठ्ठल उमप तर मुंबईतच जन्मले. ही नावे ‘कुठूनही वर येता येते’ याचा पुरावा नाहीत. वर येण्यासाठी आधी मुंबईत यावे लागत होते, याचा पुरावा आहेत.

१३/ बंद दाराला पहिली भेग पाडली ती कॅसेटने. ऐंशीच्या दशकात ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, छोट्या कंपन्या निघाल्या. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, पुढे आनंद शिंदे यांची लोकगीते एसटी स्टँडवरच्या टपरीतून आणि जत्रेतल्या कर्ण्यातून घरोघरी पोहोचली. मंडळांनी ज्या श्रोत्याची गणतीच केली नव्हती, तो श्रोता किती मोठा आहे हे बाजाराने दाखवून दिले.

१४/ मात्र बाजाराने आवाज विकत घेतला, हक्क दिला नाही. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात गायक-वादकाला कलाकार म्हणून हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. स्वामित्वधनातील वाट्याची तरतूद झाली २०१२ मध्ये. तोवर एकरकमी बिदागी घ्यावी आणि सही करावी, हाच व्यवहार. ज्या काळात खेड्यातील आवाज सर्वाधिक विकला गेला, नेमका तोच काळ कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिला.

१५/ ‘ते जुने झाले, आता एफएम आहे.’ ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. सरकारने त्यांचा लिलाव मांडला. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात सीमाभागासारखे अपवाद वगळता एक लाख लोकसंख्येची अट होती. २०२४ मध्ये आणखी २३४ शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी मिळाली. गेवराई शहर एक लाखाच्या बरेच खाली आहे. मालमत्ता सर्वांची असली, तरी बोली शहरांचीच लागते.

१६/ शिवाय याच तिसऱ्या टप्प्याने कंपन्यांना आपल्या साखळीतील कार्यक्रम देशभरातील केंद्रांवरून वाजविण्याची मुभा दिली. म्हणजे लहान शहरात वाहिनी आली, तरी निवेदक तेथलाच असेल याची खात्री नाही. बीडमध्ये आकाशवाणीचे केंद्र आहे. परंतु नैमित्तिक निवेदकाला मिळणाऱ्या महिन्याच्या मोजक्या पाळ्यांवर कोणाचे घर चालत नाही.

१७/ मग पर्याय नाही का? आहे, आणि महाराष्ट्रातच आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची परवानगी दिली. साताऱ्यातील म्हसवड या दुष्काळी गावात ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून बोलते आहे. अशा केंद्राची प्रसारणशक्ती १०० वॅटपर्यंत, पोहोच काही किलोमीटरची. पण निवेदिका गावची, बोली गावची, ओवी गावची. माणदेशात जे घडले, ते गोदाकाठी घडू नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

१८/ शेवटचा आक्षेप मोबाइलचा : ‘आता प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे.’ ध्वनिमुद्रण करता येणे म्हणजे कारकीर्द घडणे नव्हे. कॅसेटच्या काळातही ध्वनिमुद्रण सोपे झाले होते. मिळकत वितरकाकडे राहिली. आज वितरकाची खुर्ची परदेशी कंपनीच्या संगणकप्रणालीकडे गेली आहे, एवढेच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलगी गाणे टाकू शकते. त्या गाण्यावर तिचे वर्ष निघेल, अशी व्यवस्था अजून कोणी उभी केलेली नाही.

१९/ म्हणून ‘गुणवत्ता लपत नाही’ हे वाक्य केवळ चुकीचे नाही, ते अन्यायकारक आहे. त्याचा उलट अर्थ असा निघतो की ज्यांची नावे इतिहासात नाहीत, त्यांच्यात गुणच नव्हते. केंद्र कोठे होते, चाचणी कोणाची होती, वाद्य कोणते चालत होते आणि हक्क कोणाच्या नावे होता, हे चार प्रश्न न विचारता लिहिलेला संगीताचा इतिहास हा निवड झालेल्यांचा सत्कारसमारंभ ठरतो.

२०/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांपुढे काम स्पष्ट आहे. भजनी मंडळांच्या वह्या, घरोघरी बुरशी धरत असलेल्या कॅसेटी, त्यांच्या वेष्टनांवरील वादकांची नावे, चाचणीचे नकारपत्र जपून ठेवलेल्या वृद्ध गायकांच्या मुलाखती : ही सारी साधने आज उपलब्ध आहेत, दहा वर्षांनी नसतील. आणि पुढच्या वेळी कोणी सुवर्णकाळाची गोष्ट सांगू लागले, तर त्याला एवढेच विचारावे : त्या काळात गेवराईच्या गायकाला सर्वांत जवळचा मायक्रोफोन किती कोसांवर होता?