गाव दत्तक घेण्यापूर्वी



गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची बैठक होती. चहा झाला, हिशेब मंजूर झाले. शिल्लक रकमेचं काय करायचं, असा विषय निघाला तेव्हा एक स्नेही उत्साहानं म्हणाले, "आपण सातपुड्यातलं एखादं गाव दत्तक घेऊ या. 'स्वदेस'मधल्या मोहन भार्गवसारखं काहीतरी ठोस करू." टाळ्या पडल्या. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तरी 'दत्तक' हा शब्द घरी येईपर्यंत डोक्यात घुमत राहिला. बैठकीत मी गप्प बसलो. जे तेव्हा बोलायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

'स्वदेस' २००४ च्या डिसेंबरात आला. नासामधला इंजिनिअर गावी येतो, लोकांच्या श्रमानं ओढ्यावर वीज निर्माण होते आणि म्हातारीच्या घरात दिवा लागतो. त्या क्षणी आपल्यापैकी कितीजणांनी डोळे पुसले असतील! चित्रपटातलं चरणपूर काल्पनिक आहे आणि चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं. पण या कथेमागे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या बिलगावची प्रेरणा असल्याचं तेव्हापासून लिहिलं गेलं आहे. उदई नदीच्या धबधब्यावर तिथे २००३ साली १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तंत्रज्ञ, नर्मदा बचाव आंदोलन आणि अमेरिकेत आपल्यासारख्याच लोकांनी सुरू केलेली 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' ही संस्था यांचा त्यात हातभार होता. बांध मात्र गावानं श्रमदानातून घातला. वीज आली.

चित्रपट इथे संपतो, बिलगावची गोष्ट मात्र संपत नाही. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी चढलं आणि प्रकल्प त्यात बुडाला. ज्या धरणामुळे तो बुडाला त्याची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट आहे आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. म्हणजे आपल्याच राज्याच्या नावावर वीज जमा झाली, आणि आपल्याच राज्यातल्या एका गावानं स्वतःच्या हातांनी लावलेला दिवा विझला.

या भागातलं जगणं आपल्या 'गाव' या कल्पनेत बसत नाही. देऊळ, पार आणि भोवती दाटीवाटीची घरं, असं इथे नसतं. पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असतात. कुडाच्या भिंतींचं घर आणि भोवती स्वतःचं शेत. ज्वारी आणि मका पिकतो. उन्हाळ्यात मोहफुलं आणि चारोळी वेचायची, कैऱ्या सोलून आमचूर करायचं आणि बाजारात व्यापारी देईल त्या भावाला विकायचं. त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही बरोबर जातात. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी भेटते, आणि ती त्याला परकी असते. आपल्या मुलांनी इथल्या किंडरगार्टनमध्ये पहिल्या दिवशी इंग्रजी ऐकलं, तसंच हे. फरक इतकाच की आपल्या मुलांना मदतीला खास शिक्षक मिळाला.

बाई अडली किंवा कुणाला साप चावला, तर बांबूला झोळी बांधून माणसं तिला रस्त्यापर्यंत खांद्यावर नेतात. वर्तमानपत्रांनी त्याला 'बांबुलन्स' असं नाव दिलं आहे. शब्द गमतीचा, प्रकार अजिबात गमतीचा नाही. जलाशयानं नदीकाठचे पाडे एकमेकांपासून तोडले, तिथे होडीशिवाय गती नाही. २०२० साली कोविडच्या काळात चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांपर्यंत पोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवत जात होती. सगळीकडे तिचं कौतुक झालं, ते योग्यच. पण सरकारी सेविकेला नोकरीसाठी वल्हं का हाती घ्यावं लागतं, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

आता काही वाचक म्हणतील, "सरदार सरोवराचं पाणी कच्छ-सौराष्ट्राला मिळालं, त्याचं काय?" मिळालं, आणि तहानलेल्या माणसाला पाणी मिळण्याला माझा विरोध नाही. नर्मदा लवादानं १९७९ सालीच निवाडा दिला होता की आधी पुनर्वसन, मग बुडीत. आणि जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. महाराष्ट्रातल्या ३३ गावांना हे लागू होतं. त्यातल्या मणिबेलीत १९९३ सालीच पाणी शिरलं. धरणाचं लोकार्पण २०१७ साली झालं आणि २०१९ साली ते पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. या सगळ्या वर्षांत तिथल्या लोकांनी विकास नको असं म्हटलं नाही. निवाड्यात जे लिहिलं आहे ते आधी द्या, असं ते म्हणत होते. आपण परदेशात एक करार मोडला गेला तरी वकिलाला फोन करतो. त्यांनी तेच केलं, फक्त त्यांना छातीभर पाण्यात उभं राहून करावं लागलं.

म्हणून 'दत्तक' या शब्दाला माझा आक्षेप आहे. दत्तक मूल घेतात. बिलगावच्या लोकांनी पहार आणि घमेली घेऊन वीज निर्माण केली, नदीकाठच्या गावांनी आंदोलनाबरोबर 'जीवनशाळा' चालवल्या आणि मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली. या माणसांना पालक नको आहेत. त्यांचे हक्क मोडले जातात तेव्हा शेजारी उभं राहणारं कुणीतरी त्यांना हवं आहे. आपल्याला प्रकल्प आवडतो, कारण त्याचा फोटो निघतो आणि फलक लावता येतो. हक्काच्या लढाईचा फोटो निघत नाही, शिवाय त्यात सरकारची नाराजी ओढवते. पण बिलगावचा धडा असा आहे की हक्क नसेल तर प्रकल्पही टिकत नाही. यंत्र चांगलं होतं, गाव एक होतं, पैसेही होते. पाण्याची पातळी ठरवण्याचा अधिकार तेवढा गावाकडे नव्हता.

मग आपण काय करावं? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, इमारतीऐवजी माणसांवर खर्च करू. शिक्षकाचं मानधन, होडीचं डिझेल, सौर दिव्याची बॅटरी बदलणं यांना देणगीदार मिळत नाही. शाळा चालते ती मात्र यांवरच.

दुसरी, पैसे कोणत्या वाटेनं जातात हे समजून घेऊ. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. शहरातल्या मोठ्या संस्थेला चेक दिला की तो डोंगरातल्या लहान संस्थेपर्यंत झिरपेल, हे गृहीत आता चालत नाही.

तिसरी, आपलं शिक्षण कामाला लावू. आपल्यात स्थापत्य अभियंते आहेत, नकाशे वाचणारे आहेत, डॉक्टर आहेत. बुडिताची रेषा, फुगवट्याची पातळी, वनहक्काच्या दाव्याचा नकाशा हे कागद गावाला समजतील अशा भाषेत मांडून देणं हे घरबसल्या होण्यासारखं काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आणि १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. काय हवं हे ग्रामसभेनं ठरवावं, आपण विचारल्याशिवाय सुचवू नये.

पुढच्या बैठकीत मी ठरावातला 'दत्तक' हा शब्द काढायची सूचना मांडणार आहे. त्याजागी एवढंच लिहावं, की मंडळ आधी तिथल्या ग्रामसभेला पत्र लिहील आणि उत्तर येईपर्यंत थांबेल. उत्तराला वेळ लागेल. पत्र डोंगर चढून जायचं आहे.