इनामगावच्या कडेची घरे

आपल्या शाळेच्या सहली प्रतापगड-महाबळेश्वरला जातात, चैत्यभूमीला जातात. मानवाची वाटचाल दाखविणारे एखादे संग्रहालय त्यांत का नसावे, हे मी पुष्कळ वर्षे मांडत आलो. यंदा दहावीच्या मुलांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्याचा योग आला. (तिथला पारसनीसांचा संग्रह १९३९ साली साताऱ्याहूनच गेला. आपला इतिहास पाहावयास सातारकरांना पुणे गाठावे लागते!)

अश्मयुगीन हत्यारांपुढे मुले फारशी रेंगाळली नाहीत. ती थबकली इनामगावच्या दफनांपाशी. घोड नदीकाठच्या, इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी वस्तीत मूल दगावले, की दोन कुंभांत तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. एका मुलीने विचारले, "सर, ह्यांची जात कुठली?" हाडांवर ती लिहिलेली नसते, एवढेच मी म्हणालो.

पुढचा प्रश्न मात्र अवघड निघाला. मध्यभागी प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, लगत धान्यकोठार आणि कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला, हा इनामगावचा आराखडा मी वर्गात शिकविला होता. जतकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हंजे आमची वस्ती तवापासनंच कडंला हाय?"

हो म्हणणे सोपे होते, आणि घातकही. विषमता जुनी आहे, हे उत्खनन सांगते. अस्पृश्यता तितकीच जुनी आहे, असे ते सांगत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास मानला आहे. म्हणजे इनामगाव ओस पडल्यानंतर अकराशे वर्षांनी. वसाहतकाळात नाके मोजून माणसांची उतरंड लावली गेली. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी तशाच मोजमापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखविले. त्यांचा जातिसंस्थेवरील निबंधही ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राच्याच चर्चासत्रात वाचला गेला होता. हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपणच त्याकडे पाठ फिरविली. उत्क्रांतीचा धडा आपली मुले गुणांपुरता वाचतात.

माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका बसचे भाडे उचलले, तर प्रत्येक तुकडी तिथे जाऊ शकेल. सोबतच्या शिक्षकाने मात्र वाचून जावे. काचेमागची पाटी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत नाही.

परतताना खंबाटकी घाटात तो मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. "सर, मग इ.स. ४०० ला नक्की काय झालं?" सातारा येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.