सात सीटची गाडी घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

खुब्याचा सांधा बदललेल्या एका आजींचा मुलगा फेरतपासणीच्या वेळी विचारत होता, "डॉक्टर, नवी सात सीटची गाडी घेतोय. गणपतीला आईला गावी नेलं तर चालेल ना?" मी विचारलं, "त्या कुठे बसणार?" उत्तर आलं, "मागे. आई बारीक आहे, मावेल सहज."

मावणं आणि बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा लेख त्याच फरकाबद्दल आहे.

गाडी निवडताना आपण इंजिन, सनरूफ, स्क्रीन बघतो. शोरूममध्ये चालकाच्या सीटवर बसतो, फार तर मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेकडे दारातूनच नजर टाकतो. पुढे सहा-सात तासांच्या प्रवासात तिथे बसणारं माणूस मात्र बहुतेक वेळा तेच असतं, जे कधी तक्रार करत नाही.

तिसऱ्या रांगेत नेमकं काय होतं ते समजून घ्या. अनेक एसयूव्हींमध्ये तिथली जमीन उंच आणि सीट ठेंगणी असते, त्यामुळे गुडघे वर येतात. मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळं वजन बुडावर येतं. खुबा जास्त दुमडला की कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, पाठीला पोक येतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण वाढतो. गुडघा बराच वेळ जास्त वाकलेला राहिला, तर वाटीमागे दुखू लागतं. शिवाय ही रांग मागच्या चाकांच्या जवळपास असल्याने खड्ड्याचा दणका तिथे जास्त बसतो. बाहेरचं नीट दिसत नसेल, तर गाडी लागण्याचा त्रासही वाढतो.

आता त्या आजींचं बघू. सांधा बदलल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आम्ही बऱ्याच रुग्णांना खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असं सांगतो, कारण सांधा निसटण्याचा धोका असतो. ठेंगण्या सीटवर हा नियम पहिल्याच मिनिटाला मोडतो. मधली सीट दुमडून, वाकून, अंग चोरून मागे शिरण्याची कसरत आहे ती वेगळीच.

दुसरा मुद्दा रक्ताभिसरणाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार, चार तास किंवा त्याहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे फक्त विमानाला नाही, तर रेल्वे, बस आणि मोटारीलाही लागू आहे. निरोगी माणसात मूळ धोका खूपच कमी असतो, म्हणून घाबरू नका. पण नुकतंच ऑपरेशन झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि पूर्वी गुठळी झालेले लोक यांच्यात तो जास्त असतो. पाय हलवायलाही जागा नसलेली सीट त्यांच्यासाठी नाही.

"मोठी गाडी घेतली की जागा मिळतेच," हा समज सोडून द्या. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही७०० या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सारखंच, २७५० मिमी आहे. पण स्कॉर्पिओ-एनची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या चासीवर बसवलेली आहे. खडबडीत रस्त्यासाठी ती रचना उत्तम, पण चासीमुळे जमीन वर येते आणि मागच्या माणसाचे गुडघे छातीकडे जातात. टोयोटाच्या फॉर्च्युनरचंही तसंच आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये वेगळी चासी नाही आणि चाकांमधलं अंतर २८५० मिमी आहे, त्यामुळे पाय ठेवायला मागेही बरी जागा मिळते. माझं स्पष्ट मत असं: बहुतेक तीन रांगांच्या एसयूव्ही म्हणजे पाच मोठी माणसं आणि दोन मुलं यांची गाडी. घरात सहा-सात मोठी माणसं नेहमी लांब जात असतील, तर रुबाब बाजूला ठेवून एमपीव्ही घ्या.

शोरूममध्ये अख्खं कुटुंब न्या आणि एवढं करा:

१. आधी चालकाची सीट त्याच्या सोयीने लावा, मग मधली, आणि शेवटी मागे बसा. मधली सीट सरकणारी असेल, तर ती पूर्ण पुढे ढकलून मागची जागा दाखवली जाते. त्याला भुलू नका.

२. मागे किमान पंधरा मिनिटं बसा. मांडी आणि सीट यांच्यात मूठ सहज जात असेल, तर मांडीला आधार नाही असं समजा.

३. डोक्यामागचा आधार कानाच्या वरपर्यंत येतो का बघा. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणि बाजूची पडदा एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत आहे का, हे विचारा. मागच्यांनीही बेल्ट लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

४. ज्येष्ठांना स्वतः चढून-उतरून बघू द्या. पायरी आणि धरायला हँडल हवंच. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असतील, तर मधून मागे जाणं सोपं पडतं.

५. सातही सीट उघड्या ठेवून डिकी बघा. सामान मावलं नाही, तर ते मागच्यांच्या पायाशी येतं.

गाडी आधीच घेतली असेल, तर ज्येष्ठ, गरोदर आणि ऑपरेशन झालेली माणसं पुढे किंवा मधल्या रांगेत बसवा. मागे धडधाकट तरुणांनी आळीपाळीने बसावं. दर दीड-दोन तासांनी सगळ्यांनी उतरून पाच मिनिटं चाला. बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवत राहा आणि पाणी पीत राहा. प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "आईंचा प्रवास अजून थोडे आठवडे थांबवू या. आणि बुकिंगच्या आधी त्या मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसून बघा." तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. ज्या सीटवर तुम्ही स्वतः चार तास बसायला तयार नाही, ती आईवडिलांना देऊ नका.