वाटाड्याची बाजू

मराठी प्रवासवर्णनातल्या ‘मी’ला वाटाड्या चालत नाही. तो एकटाच हिंडतो. अनोळखी गावात त्याला गल्ल्या आपोआप सापडतात, बंद देवळाची किल्ली कुणाकडे असते ते आपसूक कळतं, आणि बंदरावरचा म्हातारा कोळी नेमकं त्याच्यापाशीच मन मोकळं करतो. कोणत्या भाषेत, हे विचारायचं नसतं. दुभाषा, गाडीवान, गाईड, मुक्कामाच्या घरची बाई ही सगळी माणसं प्रवासात असतात. पुस्तक छापून येईपर्यंत गळतात. उरतो ‘मी’, त्याच्या खांद्यावरची झोळी आणि समोरचं क्षितिज. मी वाचते त्या हिंदी-इंग्रजी पुस्तकांतही चित्र फारसं वेगळं नाही.

या ‘मी’विरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे, आणि तीही रीतसर पैसे भरून केलेल्या एका साध्या सहलीच्या आधारे. गेल्या सप्टेंबरात कामासाठी अथेन्सला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला. त्या दिवशी मी एजिना बेटावर जाऊन आले: गाईडबरोबर, सायकलवर, सकाळी निघून संध्याकाळी परत. आम्ही अकराजण होतो. परतल्यावर लिहित्या मंडळींत हे सांगितलं, तर एकाने विचारलं, “म्हणजे कंडक्टेड टूर?” हे दोन शब्द आपल्याकडे कोणत्या सुरात उच्चारले जातात ते वाचकांना ठाऊक आहे. दुसऱ्याने जरा सभ्यपणे विचारलं, “एका दिवसात बेट काय कळणार?”

प्रश्न रास्त आहे. आधी त्याचं उत्तर देते, मग माझे प्रश्न विचारते.

एजिना अथेन्सला लागूनच आहे म्हणा ना. पिरेअस बंदरातून साधी फेरीबोट सव्वा तासात पोचवते. बेट सुमारे ८७ चौरस किलोमीटरचं. बोटीच्या खालच्या मजल्यावर ट्रक आणि मोटारी उभ्या होत्या, त्यांच्या कडेला आमच्या सायकली दोरीने बांधलेल्या. वरच्या मजल्यावर शहरातून खरेदी करून घरी निघालेली बेटावरची माणसं. आमच्या गाईड बाई त्यांतल्या अर्ध्याअधिकांना ओळखत होत्या. त्या एजिनाच्याच, घरची पिस्त्याची बाग आहे. एप्रिल ते ऑक्टोबर सायकलींबरोबर, हिवाळ्यात मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या. “तुमचं नाव लेखात घालू का?” असं मी विचारलं, तर “नको” म्हणाल्या. पुढच्या हंगामाचा करार व्हायचा होता. म्हणून नाव देत नाही. पण या लेखातली बेटाबद्दलची बरीच माहिती आधी त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे, हे इथेच सांगून ठेवते.

बंदरापासून अफाया देवीच्या देवळापर्यंत रस्ता सुमारे १२ किलोमीटरचा. सुरुवातीला सपाटी आणि पिस्त्याच्या बागा. हंगाम चालू होता. झाडांखाली ताडपत्र्या अंथरून काठ्यांनी घोस झोडपत होते. बाईंनी नराचं झाड कोणतं, मादीचं कोणतं ते दाखवलं. फळ मादीलाच धरतं. नर मोजकेच लावतात, परागकण वारा नेतो. एजिनाच्या पिस्त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला इथे आहे तसं. मग रस्ता चढू लागला. पालेओखोरा नावाच्या टेकडीखाली त्यांनी थांबवलं आणि विचारलं, “समुद्राकाठी एवढी सपाट जमीन सोडून माणसं इथे वर कशाला राहिली असतील?” उत्तर द्यायला कुणाच्या छातीत दम उरला नव्हता. त्यांनीच सांगितलं: चाचे. किनाऱ्यावरून न दिसणारी ही टेकडी शोधून लोकांनी तिथे गाव वसवलं. तरी १५३७ साली ऑटोमन आरमाराचा सेनानी बार्बारोसा आला आणि बेटावरची माणसं गुलाम करून घेऊन गेला. गाव पुन्हा वसलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकलं. आज तिथे घरं जवळजवळ नाहीत. तीसहून अधिक लहान लहान चर्च मात्र उतारावर उभी आहेत.

एवढं मला पुस्तकातून कळलं असतं. पण रोजचं पाणी, धान्य, मासळी घेऊन तो चढ चढायचा, आणि तो शेकडो वर्षं चढायला लावील एवढं भय समुद्रातून यायचं, हे माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी कळलं. गाईडने योग्य जागी थांबवलं म्हणून कळलं. एका दिवसात एक चढ, एक पीक आणि एक प्रश्न. बेट कळलं असं मी म्हणत नाही, आणि त्या सहलीतलं कुणीही म्हणालं नाही.

आता माझा प्रश्न. महिनाभर राहिल्याने कळतं, हे कुणी ठरवलं?

अफायाचं देऊळ इसवी सनापूर्वी ५००च्या सुमाराचं. पाइनच्या झाडांतल्या टेकडीवर आहे, खांब बरेचसे उभे आहेत. वरच्या त्रिकोणी दर्शनी भागांत योद्ध्यांच्या संगमरवरी मूर्ती होत्या. त्या आता तिथे नाहीत. १८११ साली चार तरुण इथे आले: कॉकरेल आणि फॉस्टर हे इंग्रज, हालर आणि लिंक हे जर्मन. चौघेही सुशिक्षित, कलेचे जाणकार. टूर कंपनी नाही, घाई नाही, परतीच्या बोटीची वेळ नाही. आपल्या आदर्श प्रवाशाची सगळी लक्षणं त्यांच्यात होती. देवळापाशी मुक्काम ठोकून त्यांनी खणलं, मूर्ती निघाल्या, स्थानिकांच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवली आणि मूर्ती बेटाबाहेर नेल्या. १८१२ साली झाकिंथॉस बेटावर त्यांचा लिलाव झाला. बव्हेरियाच्या युवराज लुडविगने त्या घेतल्या. रोममध्ये थोरवाल्डसेन या शिल्पकाराने त्यांना नवे हात-पाय-डोकी बसवली (ती विसाव्या शतकात पुन्हा काढावी लागली), आणि त्या म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात गेल्या. आजही तिथेच आहेत. पुढे १८३२ साली याच लुडविगचा मुलगा ऑटो ग्रीसचा राजा नेमला गेला.

आणि एवढ्या सखोल मुक्कामात त्या चौघांना देऊळ कुणाचं ते तरी कळलं का? नाही. ते झ्यूसचं म्हणूनच ओळखलं गेलं. १९०१ साली फुर्टव्हेंग्लर या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात शिलालेख सापडला तेव्हा अफायाचं नाव पुढे आलं. नव्वद वर्षं देवी दुसऱ्याच्या नावाने ओळखली जात होती.

आम्ही अकराजणांनी बेटावरून नेले ते पिस्ते. त्यांची पावती आहे.

देवळाच्या फाटकाशी आणखी एक गोष्ट घडली. गाईड बाई बाहेर थांबल्या. ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळांवर माहिती सांगायचा अधिकार परवानाधारक गाईडनाच आहे. त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. सायकलींबरोबर येणाऱ्या आमच्या बाईंकडे तो परवाना नव्हता. त्यांना सांगता येण्यासारखं त्यांनी फाटकाबाहेर सावलीत सांगितलं आणि म्हणाल्या, “आत तुम्ही बघा. आत बोलायला मी शिकलेले नाही.” हे वाक्य मी मराठी प्रवासलेखकाच्या तोंडी कधी वाचलेलं नाही. आपल्याला लिहायला परवाना लागत नाही. आठ दिवसांत जपानचा आत्मा, पंधरा दिवसांत लॅटिन अमेरिकेचं दुःख आपण सांगून मोकळे होतो. फाटकाबाहेर थांबायची वेळ आपल्यावर कुणी आणत नाही, आणि आपणहून आपण थांबत नाही.

“पण असे दिवसाचे प्रवासीच बेटं बुडवताहेत,” असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. प्रचंड क्रूझ जहाजं सान्तोरिनीसारख्या बेटावर हजारो माणसं काही तासांसाठी ओततात. २०२५च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझच्या प्रवाशांवर कर बसवला, सान्तोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. तो योग्यच आहे. पण तिथे दोष आहे तो संख्येचा, दिवसाचा नाही. बेटावरच्या माणसांच्याच बोटीने आलेली अकरा माणसं आणि अकराव्या मजल्यापर्यंत भरलेलं जहाज यांना एका शब्दात गुंडाळणं हा आळस आहे.

‘संथ’ प्रवासाचा हिशेबही एकदा मांडायला हवा. बेटावर महिनाभर ‘स्थानिकांसारखं’ राहणारा माणूस कुठे राहतो? स्थानिकाच्या घरात. ग्रीक बेटांवर बदली होऊन आलेल्या शिक्षकांना, डॉक्टरांना भाड्याने घर मिळत नाही ही आता जुनी रड झाली आहे, कारण घरं पर्यटकांना अल्पमुदतीने देणं मालकाला परवडतं. मध्य अथेन्समध्येही हीच गत. तिथल्या तीन विभागांत अशा भाड्याच्या नव्या नोंदण्या २०२५च्या जानेवारीपासून सरकारला थांबवाव्या लागल्या. म्हणजे मी हॉटेलात उतरले म्हणून धुतल्या तांदळासारखी, असं नाही. एवढंच, की ज्याने शिक्षकाचं घर महिनाभर अडवलं त्याने माझ्या एका दिवसाला नाक मुरडू नये.

शिवाय ‘एकट्याने भरकटा’ हा उपदेश कोण कुणाला करतो, हेही पाहावं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा मागताना कोणत्या रात्री कुठे झोपणार हे कागदांनिशी दाखवावं लागतं. ज्याच्या प्रवासाची सुरुवातच मुक्कामांच्या यादीने होते, त्याने युरोपियनांच्या पुस्तकातून भरकटण्याचं तत्त्वज्ञान उसनं आणावं याचं मला हसू येतं. आणि बाईमाणसाने, पन्नाशी उलटल्यावर, अनोळखी रस्त्यावर, न येणाऱ्या भाषेत एकटीने भरकटायचं, तर तिच्या मनात आधी काय काय येऊन जातं हे भरकटणाऱ्या बाप्यांनी एकदा आपल्या बायकांना विचारावं. बरोबर गाईड होत्या म्हणून मी तो दिवस रस्त्याकडे आणि झाडांकडे बघत घालवला, पाठीमागे बघत नाही.

खरं म्हणजे हे एकटेपणाचं खूळ आपलं नव्हेच. आपल्याकडे माणूस दिंडीत चालतो. वाट शेकडो वर्षांची, मुक्काम ठरलेले, सोबत वीणेकरी. त्याला कुणी ‘कंडक्टेड’ म्हणून हिणवत नाही. काशी, त्र्यंबक, गया इथले तीर्थोपाध्याये आल्यागेल्याच्या पिढ्या आपल्या वह्यांत लिहून ठेवत आले. यजमानाने आपल्या वहीत उपाध्यायांचं नाव लिहावं ही रीत मात्र पडली नाही. आपल्या प्रवासगद्याच्या मुळाशी असलेले गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते काकांबरोबर, दक्षिणा मिळवायला. ‘माझा प्रवास’मध्ये सोबती आहेत, आसरा देणारे आहेत, लुटणारे आहेत. एकटेपणाचा आव कुठे नाही. आव नंतर आला, आणि तो साहेबाकडून आला. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने खांबावरच्या चित्रात आपलं नाव कोरलं. ते आजही आहे. त्याला लेणं एका गुराखी पोराने दाखवलं अशी आख्यायिका आहे. पोराला आख्यायिकेतही नाव नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रवास लिहिणाऱ्याने कोण घेऊन गेलं ते लिहावं. कोणती गोष्ट स्वतः पाहिली, कोणती सांगितली गेली, कोणती वळण आल्यावर कुणी बोट दाखवलं म्हणून दिसली, याचा हिशेब वाचकाला द्यावा. त्याने लेखक लहान होत नाही.

शंका असेल त्यांनी एजिनाकडेच पाहावं. निकोस काझानझाकिस या बेटावर वर्षानुवर्षं राहिले. जर्मनांनी ग्रीस व्यापला होता त्या काळात, १९४१ ते १९४३ या वर्षांत, त्यांनी इथे एक कादंबरी लिहिली. घडते क्रीटमध्ये, एजिनात नाही. तिच्यात एक शिकलेला, पुस्तकांत बुडालेला माणूस आहे आणि त्याला जगायची वाट दाखवणारा एक खाणकामगार आहे. तो गिओर्गिस झोर्बास या खऱ्या माणसावरून घेतलेला. लेखकाने त्याच्याबरोबर लिग्नाइटच्या खाणीवर काम केलं होतं. कादंबरी सांगणारा ‘मी’ शेवटपर्यंत बिननावाचा राहतो. झोर्बाचं नाव मुखपृष्ठावर आहे.