लाईट आहे हो, पण कधी?

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू निफाड तालुक्यातल्या एका मळ्यात होतं. आमच्या बचत गटाच्या बायका नटूनथटून जमल्या होत्या, आणि जिच्या घरी कार्यक्रम ती मात्र कुंकू लावता लावता जांभया देत होती. मी चेष्टेनं विचारलं, तर म्हणाली, "ताई, रात्री दोनला लाईट आली. कांद्याला पाणी भरायला हे गेले, एकट्याला कसं सोडायचं? बॅटरी धरून मीही गेले." निफाडची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीतच आहे. त्यात गोदाकाठचा ऊस, आणि उसात बिबट्या. तिचा नवरा वाफ्यात, ही बांधावर बॅटरी धरून उभी आणि घरात दोन पोरं झोपलेली.

मी नाशिकरोडला राहते. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लग्न होऊन आले तेव्हा, २००५-०६च्या सुमारास, दाराशी वीज तयार होत असूनही भारनियमन असायचं. मिक्सर कधी लावायचा, पीठ कधी दळून आणायचं, सगळं त्या वेळापत्रकावर. २०१२च्या अखेरीस जिथे गळती कमी आणि वसुली चांगली, त्या भागांतलं भारनियमन बंद झालं आणि आम्ही शहरातल्या बायका ते दिवस विसरून गेलो. (मेणबत्त्या अजून खणात आहेत, ते वेगळं!)

मळ्यातल्या बाईला मात्र विसरता आलेलं नाही. त्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी केली. योजना चांगलीच होती, त्यामुळे गावातल्या घरांना दिवसभर वीज मिळू लागली. शेतीच्या वाहिनीवर मात्र थ्री फेज वीज आठ-आठ तास, आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री. आता आपल्या जिल्ह्यात किती कुटुंबं गाव सोडून मळ्यातच घर बांधून राहतात! त्यांचं घरही शेतीच्याच तारेवर. थ्री फेज गेली की सिंगल फेजवर दिवे मिणमिणणार, तेही सगळीकडे आणि सदासर्वकाळ नाही. कागदावर त्या घरात वीज पोहोचलेली आहे. सरकारी यादीत तिथे बरोबरची खूण आहे. पण त्या बाईला चटणी वाटायला पाटाच बरा वाटतो.

एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकारनं माफ केलं. कुणाला नको असेल? पण त्या दिवशी मी बायकांना विचारलं, तर एकजात सगळ्या म्हणाल्या, "बिलाचं काहीतरी करू, पण लाईट दिवसा द्या." मला स्वतःला हेच पटतं. फुकट वीज रात्री दोनला येत असेल, तर तिची किंमत कोणी तरी मोजतंच. झोप मोडून, साप-विंचू तुडवत आणि सकाळी पुन्हा चूल पेटवून.

दिवसा वीज देणं अशक्य आहे असंही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ला तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर पॅनेल लावायचे आणि त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसाच वीज द्यायची. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. ऊन काही रात्री पडत नाही, तेव्हा या विजेला दिवसा येण्यावाचून गत्यंतर नाही! जिथे हे काम झालं तिथे बायका रात्री झोपतात. जिथे रखडलं तिथे मात्र ग्रामसभेत कोणी विचारत नाही, कारण ग्रामसभेत बोलायला जातो तो पुरुष, आणि बॅटरी धरणारी बाई घरी. जमिनीचं भाडंही सातबारावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जाणार. आपलं नाव आहे का, एकदा उतारा काढून बघा.

गेल्या वर्षी एका वस्तीवर डीपी जळाली. आठ दिवस अंधार. पुरुषमंडळी वर्गणी काढायच्या बेतात होती. मी बायकांना म्हटलं, आधी तक्रार नोंदवा. तर ग्राहक क्रमांक कोणालाच ठाऊक नाही! मीटर सासऱ्यांच्या नावावर, बिल कपाटात, मेसेज मुलाच्या मोबाईलवर. शेवटी एका सुनेनं बिल शोधलं, १९१२ला फोन लावला आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घेतला. २००३च्या वीज कायद्यानं ठरलेल्या दर्जाची सेवा मिळाली नाही तर भरपाई मागता येते, हे त्या दिवशी तिच्या सासऱ्यांनाही प्रथमच कळलं. वर्गणी काही काढावी लागली नाही.

यंदाच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून स्टीलची वाटी नेली होती. पुढच्या वर्षी मात्र ग्रामसभेचा अर्ज छापून नेणार आहे, दिवसाच्या विजेचा. खाली सह्यांसाठी जागा ठेवते आणि पेनही माझंच आणते.