निस्तार की मालकी?

मागच्या पावसाळ्यात भामरागडहून भाच्याचा फोन आला, तोही चार दिवसांनी. पर्लकोटेला पूर, पुलावरून पाणी, टॉवर बंद, लाइन बंद. मला वाटलं, धान्य-औषधाचं काही असेल. साहेबांची तक्रार वेगळीच. "मामा, पैसे देऊन घेतलेला गेम चालून नाही राहिला. लॅपटॉप फुल चार्ज होता. उघडला का लॉगिन मागते. लॉगिनला नेट पाहिजे. नेट कुठून आणू, नदीतून?"

भाचा तिकडे शिक्षक आहे. दिवेलागणीनंतर करण्यासारखं फार काही नसतं, म्हणून गेम. कुठल्या दुकानातून घेतला ते सांगत नाही, कारण दुकानाने करारात लिहिलेलंच केलं होतं. करार आम्हा दोघांपैकी कोणीच वाचला नव्हता.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत खरं तर वापर आणि मालकीतला हा फरक कोणाला शिकवावा लागू नये. निस्तार म्हणजे वापरायची मुभा: सरपण आणा, बांबू न्या, गुरं चारा, पण जंगल सरकारचं. मालकी वेगळी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हातात आला, आणि तरी बांबू विकायला काढायचा तर वाहतूक पास वनखात्याकडेच. पास नाही तर बांबू गावाच्या शिवेबाहेर जात नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुकच ग्रामसभेच्या हाती दिलं. गेमच्या दुकानांकडे मी हल्ली याच नजरेने बघतो. पासबुक कोणाकडे?

स्टीम हे सगळ्यात मोठं दुकान, व्हॉल्व्ह कंपनीचं, 2003 पासूनचं. भाव रुपयांत, यूपीआय चालतं, 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. दुकान म्हणून त्यात मला खोट दिसत नाही. पण ते देतं निस्तार, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून पैसे भरतानाच तसं लिहून दाखवतं: तुम्ही परवाना घेताय. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला होता, तो 2025 लागताच अमलात आला. ऑफलाइन मोडची सोय आहे, पण नेट असतानाच एकदा लॉगिन करून ठेवावं लागतं. पूर आल्यावर आठवून उपयोग नाही. आणि गेमच कंपनीच्या सर्व्हरवर उभा असेल तर दुकानही हतबल. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा 2014 चा मोटारींचा गेम 31 मार्च 2024 ला बंद केला. ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांच्याकडे उरलं ते नाव.

गॉग या दुसऱ्या दुकानाचं तसं नाही. तिथे गेमची सेटअप फाइलच उतरवून घेता येते. पेनड्राइव्हवर टाका, हार्डडिस्कवर ठेवा, लॉगिन नाही, नेट नाही. कायद्याच्या भाषेत तोही परवानाच, पण पासबुक तुमच्या खिशात. पैसे परतीची मुदत 30 दिवस, खेळून झाल्यावरसुद्धा. या दुकानाचा जन्म मला फार आवडतो. नव्वदच्या दशकात पोलंडमध्ये खरी सीडी घेणारा माणूस वेडाच ठरायचा. वॉर्सात शनिवारच्या उघड्या बाजारात कॉपी केलेले गेम मिळायचे. तिथलेच दोन मित्र, इविन्स्की आणि किचिन्स्की. त्यांनी 1994 मध्ये सीडी प्रोजेक्ट काढली आणि 1999 मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला: नामवंत नटांचे आवाज, जाड खोका, आत नकाशा, पुस्तिका, संगीताची सीडी. चोराच्या सीडीत हे काही नव्हतं. त्याच कंपनीने 2008 मध्ये जुन्या गेमचं हे दुकान उघडलं. (2010 मध्ये याच मंडळींनी जाहिरातबाजी म्हणून दुकान बंद पडल्याचं नाटक केलं, आणि मग साधूंचे झगे घालून माफी मागितली. म्हणून माझी खोड: गेम घेतला त्या रात्रीच उतरवून ठेवायचा.)

वॉर्सा वाचताना मला आपला चंद्रपूरचाच जटपुरा गेट दिसतो. 2003-04 मध्ये तिथल्या आसपासच्या सायबर कॅफेंत तासाला वीस रुपये देऊन आम्ही 'आयजीआय' आणि 'व्हाइस सिटी' खेळायचो. सीडी लिहून मिळायची, वर मार्करने नाव, तेही चुकीचं. खऱ्या खोक्याला हात लावलेला कोणी माझ्या ओळखीत नव्हता.

पुढे कमावता झालो तरी फुकटाची सवय जाईना. स्वस्तात 'की', म्हणजे गेम चालू करायचा कोड, विकणाऱ्या एका साइटवर मी बाराशेचा गेम दोनशेला घेतला. तीन आठवडे खेळलो, मग एका सकाळी तो माझ्या यादीतून गायब. तक्रार करायला तिकडे माणूसच नाही. या धंद्यातली मेख नंतर कळली. चोरीच्या कार्डाने कीज घ्यायच्या, विकून मोकळं व्हायचं. कार्डाचा खरा धनी बँकेत ओरडतो, पैसे उलटे फिरतात, भुर्दंड गेम करणाऱ्यावर. तो ती की रद्द करतो. सगळ्याच कीज तशा नसतात, मान्य. पण आलापल्लीचं सागवान कोणी निम्म्या भावात दारात आणून टाकलं, तर आपण आधी लाकडावर हातोड्याची खूण शोधतो की नाही?

गेमच्या बाबतीत ती खूण सोपी आहे. गेम करणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर जायचं आणि विकत घ्यायचं बटण कुठल्या दुकानात नेतं ते बघायचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मी असाच घेतला. सर्कशीतली मुलगी, हरवलेला भाऊ, दुर्गेने दिलेलं त्रिशूळ. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी 2020 मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्सच्या नामांकनांपर्यंत पोचला. असा गेम फुकट उतरवणाऱ्याला मी आता चहा पाजत नाही. अगदी लहान, एकट्यादुकट्याने केलेले गेम बघायचे तर इच डॉट आयओ. 2013 पासूनचं दुकान, आणि विक्रीतला किती वाटा दुकानाला द्यायचा ते तिथे विकणाराच ठरवतो. अशी अडत आपल्या बाजार समितीत कोणी ऐकली आहे?

डॉलरमध्ये पैसे भरायचे तर एक खोडा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे. मी चालू करतो, मर्यादा दोन हजार ठेवतो, काम झालं की बंद.

तर भाच्यासाठी मी गॉगवरून 'आयजीआय' घेतला. 2000 सालचा गेम, आजच्या मानाने चिमूटभर आकाराचा. जुन्या गेमचं हे एक बरं असतं. सेटअप पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी औषधाच्या रिकाम्या डबीत. डबी गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत एसटीने गेली. तिसऱ्या दिवशी रात्री फोन.

"मामा, चालू झाला. नेट बंद करून पाहिला, तरी चालते. पण याच्यात मधातच सेव्ह नाही होत का?"

"नाही होत. मिशन पुरं करावं लागते."

"अन् लाइन गेली तर?"

"बॅटरी किती आहे?"

"अठरा टक्के."